चव्वेचाळीस नंबरच्या घरातली पहिली ओळ

संध्याकाळी पाच वाजले की तेमिरकुल बाइके, म्हणजे तिकडच्या बोलीत थोरले भाऊ, चष्मा कपाळावर ढकलून संगणकासमोर वाकायचे. बंद होण्याआधी आकडेमोडीचा तो प्रोग्रॅम रोज एकच प्रश्न विचारायचा, आजचं सगळं जपून ठेवायचं का, आणि बाइके गेली पंधरा वर्षं रोज एकच उत्तर द्यायचे: हो. अर्धवट तक्ते, चुकलेल्या सरासऱ्या, कुणी गंमत म्हणून केलेल्या बेरजा, सगळं त्या एका फाइलीत जाऊन बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम उघडला की न बोलावता जसंच्या तसं उठून यायचं. नको म्हणायला बाइकेंचा हातच धजत नसे. जमिनीवर पडलेला नानचा तुकडा उचलून कपाळाला लावणारी, चुकून त्यावर पाय पडला तर आठवडाभर मनाला लावून घेणारी ही माणसं. एकदा हातून घडलेलं टाकायचं कसं, हेच त्यांना कळत नसे.

"कचरा साठवताय तुम्ही," तुर्सुन म्हणायचा.

"नान टाकतात का रे?" बाइके म्हणायचे.

"बुरशी आली की टाकतात."

"तुझ्या घरी टाकत असतील," असं म्हणून बाइके दिवा मालवायचे.

तुर्सुन बावीस वर्षांचा होता. बिश्केकच्या विद्यापीठात संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याने भर वर्गात प्राध्यापकांना विचारलं होतं, की तुम्ही ह्या पिवळ्या पडलेल्या वहीबाहेरचा एक तरी आकडा कधी हातात धरलाय का. आणि उत्तराची वाट न बघता दप्तर उचललं होतं. तेव्हापासून तो नारीनच्या ह्या दोन खोल्यांच्या मोजणी कार्यालयात होता. डोंगरातल्या तीनशे घरांमधली मुलं दर शरद ऋतूत मोजायची, उंची, वजन, दंडाचा घेर, आणि ते आकडे वर्षानुवर्षं एकाखाली एक लावायचे, एवढंच तिथलं काम. मुलं मोठी होऊन मिशा फुटल्या तरी मोजणी थांबली नव्हती. बिघडलेल्या फायली दुरुस्त करणं तुर्सुनकडे होतं, आणि वडीलधाऱ्यांविषयी त्याचं एक ठाम मत होतं, जे तो कुणालाही ऐकवायचा: ही माणसं काही टाकत नाहीत, फक्त मुलं तेवढी देऊन टाकतात.

तो स्वतः दिलेला होता. पहिला मुलगा आजीआजोबांचा, ही तिकडची रीत. चाळीस दिवसांचा असताना त्याला दुपट्यात गुंडाळून दोन गल्ल्या पलीकडे नेलं, आजोबांनी नाव ठेवलं तुर्सुन, म्हणजे 'राहू दे', आणि विषय संपला. आजीला तो आपा म्हणायचा, म्हणजे आई. जन्मदात्या बापाला दादा म्हणायचा आणि जिने जन्म दिला तिला वहिनी. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आपाने त्याला जीव लावला, हे तो नाकारत नव्हता. आजोबा गेल्यावर तर तिला तोच एक होता, आणि अजूनही रोज दुपारी एकच्या ठोक्याला तिचा फोन यायचा, जेवलास का म्हणून. पण वहिनीच्या घरी गेलं, की ती त्याच्यापुढे चहाचा पियाला ठेवायची तो काठोकाठ भरलेला. घरच्या माणसाला चहा अर्धाच ओततात. त्याने पुन्हा पियाला पुढे करावा, पुन्हा घ्यावा, बसून राहावं. भरलेला पियाला म्हणजे पी आणि नीघ. पोर फार वेळ बसलं तर सासूच्या मनात नको ते येईल, ह्या धास्तीने ती बावीस वर्षं काठोकाठ ओतत आली होती, तेही न सांडता. ह्यातलं सगळं त्याला कळत होतं, आणि कळत असल्यामुळेच त्याच्या रागाला कुठे टेकायला जागा मिळत नव्हती.

त्या सोमवारी संध्याकाळी बाइकेंनी हो म्हटलं आणि त्याच क्षणी वीज गेली. मंगळवारी सकाळी प्रोग्रॅमने ती फाइल ओळखायलाच नकार दिला. फाइल बहुधा बिघडली आहे, त्याने कळवलं; काहीही वाचलेलं नाही. बाइके खुर्चीत बसले ते उठेनात. शुक्रवारी दुपारी पंधरा वर्षांची मोजणी राजधानीला जायची होती. ती गेली नाही तर पुढच्या वर्षीचे पैसे नाहीत, म्हणजे मोजणी बंद आणि कार्यालयालाही कुलूप.

"पंधरा वर्षं रे," ते म्हणाले.

"पंधरा वर्षं एकाच पोत्यात कोंबली तुम्ही. पोतं फाटलं," तुर्सुन म्हणाला. "आता बाजूला व्हा."

कामाला बसला, की मात्र त्याच्यातला भांडकुदळ माणूस कुठेतरी निघून जायचा. त्याने आधी फाइलीची प्रत काढली, कारण दुखऱ्या अंगावर थेट हात टाकायचा नसतो. मग मूळ फाइलीचं नाव बदलून ती नजरेआड केली, आणि प्रोग्रॅम रिकाम्या पोटी सुरू केला. सुरुवातीची अक्षरं तपासली. ती शाबूत होती. आकार पाहिला; शेपटाकडचा भाग कमी होता. म्हणजे लिहिता लिहिता तुटली होती, डोकं जागेवर होतं. जिथवर सलग वाचता येईल तिथवर वाचायचं, एकेक तक्ता सोडवून वेगळा ठेवायचा, आणि उरलेला भाग बुर्माकान एजेच्या पेनड्राइव्हवर वसंतातली जुनी प्रत होती तिच्यावरून भरून काढायचा, असा त्याने बेत केला. बुर्माकान एजे, म्हणजे सगळ्यांची ताई, गावोगाव फिरून मुलं मोजायची. पंधरा वर्षांतलं एकही पोर तिच्या फूटपट्टीतून सुटलं नव्हतं.

दुपारपर्यंत घरांचा मोठा तक्ता सुटून आला. तुर्सुनने ओळी मोजल्या. जुन्या नोंदीनुसार ओळींची संख्या बरोबर होती. भरलेल्या ओळी मात्र एकाने जास्त होत्या.

तुटलेल्या फाइलीतून कमी निघतं. जास्त कधी निघत नाही. त्याने जुन्या प्रतीशी ताडून पाहिलं, आणि फरक सापडला तो कारा-बुलुन गावात, चव्वेचाळीस नंबरच्या घरात. ते वहिनीचं घर होतं. तिथे मुलांच्या यादीत पहिली ओळ रिकामी होती हे त्याला ठाऊक होतं. दुसरीत आणि तिसरीत त्याच्या बहिणी होत्या. आता पहिल्या ओळीत नाव होतं, आइदार. मुलगा. जन्म तुर्सुनच्याच वर्षी, त्याच्याच महिन्यातला. पहिल्या वर्षीची उंची एकशे चौदा, वजन एकोणीस. शेरा: आईच्या मागे लपला, बूट काढेना.

पुढची सगळी वर्षं कोरी होती.

तो उठून कपाटापाशी गेला आणि पहिल्या वर्षीचे कागद काढले. कागदावर त्या ओळीवर तिरपी रेघ होती आणि बुर्माकान एजेच्या अक्षरात लिहिलं होतं: सासूसासऱ्यांना दिला, मोजला नाही.

"एजे," त्याने विचारलं, "रेघच मारायची होती, तर ओळ कशाला ठेवली?"

एजे शेगडीपाशी मोजे वाळवत बसली होती. "तुझ्या वहिनीने ठेवायला लावली. म्हणाली, बाळंतपणं तीन झाली, ओळी तीन पाहिजेत. मी म्हटलं, बाई, हा कागद सरकारी नाही, पण निदान शहाणा तरी असू दे. ऐकेना." तिने मोजा उलटा केला. "दर वर्षी ती ओळ सोडून मी खालून सुरुवात करते."

"आइदार कोण?"

एजेचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं? तुझ्या वहिनीला तुझं ते नाव ठेवायचं होतं. मलाच एकदा बोलली होती."

तुर्सुनने त्या दिवशी ती ओळ पुसली नाही. पुसायला हवी होती. शिकाऊ पोरानेही पुसली असती. पण बूट न काढणाऱ्या त्या सात वर्षांच्या पोराची त्याला जरा गंमत वाटली होती, आणि नाही तरी उरलेला भाग उद्या भरायचाच होता. पाच वाजता प्रोग्रॅमने विचारलं, जपून ठेवायचं का. तुर्सुनने आयुष्यात कधी त्याला हो म्हटलं नव्हतं; आजही म्हटलं नाही. दुरुस्त झालेला तक्ता तेवढा वेगळ्या फाइलीत ठेवला आणि घरी जाऊन स्वस्थ झोपला.

बुधवारी त्याने ती वेगळी फाइल उघडली, आणि आइदार आठ वर्षांचा झाला होता. नऊचा झाला होता. तेरापर्यंत आकडे आले होते, एकाखाली एक, कुठेही उडी नाही की घसरण नाही, चांगल्या खाल्ल्यापिल्ल्या पोरासारखे. शेरे तर तुर्सुनने पुन्हा पुन्हा वाचले. टाचा उचलून उभा राहतो, दोनदा मोजला. बहिणीला खांद्यावर घेऊन आला, उतरवायला तयार नाही. आई म्हणते अभ्यासात बरा, बाप म्हणतो घोड्यावर बरा. त्याच्या स्वतःच्या ओळीत, आपाच्या त्रेचाळीस नंबरच्या घरात, पंधरा वर्षं एकच शेरा होता: मोजला, आजी हजर.

त्या ओळीकडे तो वळला तेव्हा पहिल्या सात वर्षांचे रकाने रिकामे होते.

फाइल पुन्हा तुटत होती, असं म्हणता आलं असतं. एका जागी भर पडते तिथे दुसऱ्या जागी गळती लागते, अशा खोडी त्याने पाहिल्या होत्या. पण त्याला भीती वाटली नाही. उलट छातीत कुठेतरी एक जुना, गंजलेला खिळा सैल झाल्यासारखं वाटलं. जेवताना बाइकेंनी विचारलं, "आज भांडला नाहीस कुणाशी? बरं नाही का?" आणि तुर्सुन हसला. मांस आणि बटाटे परतलेले होते, वर कांदा होता, नान गरम होता. त्याने दोन वेळा मागून घेतलं.

एक वाजता फोन आला.

"जेवलास का?" आपा म्हणाली. मग म्हणाली, "बघ ना, फोन तर लावला, पण कुणाला लावायचा होता तेच गेलं डोक्यातून. तू कुणाचा रे?"

"तुर्सुन आहे, आपा."

"हो हो. तुर्सुन." ते नाव तिने नवी चव घेऊन बघावी तसं उच्चारलं. "म्हातारपण, बाळा. पायात मोजे घालत जा."

दुपारी त्याने पुन्हा कपाट उघडलं. पहिल्या वर्षीच्या कागदावर तिरपी रेघ नव्हती. एजेच्या अक्षरात, पंधरा वर्षांपूर्वीच्या फिकट निळ्या शाईत, एकशे चौदा आणि एकोणीस लिहिलेलं होतं, आणि कागदाची घडी बरोबर त्या आकड्यांवरून गेल्यामुळे शाई तिथे जरा उडाली होती.

"एजे, चव्वेचाळीसमधला थोरला," तो म्हणाला.

"तो वाह्यात?" एजेने मान वर केली नाही. "मला चावला होता पहिल्या वर्षी. इथे, मनगटाला. आता भेटला की लाजतो."

भिंतीला टेकवलेल्या मोजपट्टीखाली तुर्सुन सहज म्हणून उभा राहिला, आणि एजेने सवयीने फळी त्याच्या डोक्यावर टेकवली. एकशे एकाहत्तर.

गुरुवारी आइदार बावीस वर्षांचा होता. उंची एकशे चौऱ्याहत्तर. शिक्षणाच्या रकान्यात विद्यापीठ पूर्ण असं होतं. शेवटचा शेरा ह्याच महिन्यातला होता: घरी आहे, आनंदात आहे. त्रेचाळीस नंबरच्या घरात रहिवासी एक, स्त्री, वय एक्याऐंशी, मुलं नाहीत. एक वाजला आणि गेला, फोन वाजला नाही.

फाइलीचं बाकी सगळं काम झालं होतं. तीनशे घरं, पंधरा वर्षं, एक आकडा इकडचा तिकडे नाही. उरली होती ती एकच गोष्ट, आणि ती काय आहे हे तुर्सुनला स्वच्छ दिसत होतं. आकड्यांच्या बाबतीत त्याने स्वतःशी कधी खोटेपणा केला नव्हता. टेबलावर एजेचा पेनड्राइव्ह पडला होता. वसंतातल्या त्या प्रतीत चव्वेचाळीसची पहिली ओळ रिकामी होती आणि त्रेचाळीसमध्ये म्हातारीच्या नावाखाली एक मुलगा होता. ती दोन घरं तिथून उचलून इथे टाकायला दोन मिनिटंही लागली नसती. त्याला आठवलं, लहानपणी ताप चढला की आपा रात्रभर उशाशी बसून त्याच्या पायाला मेंढीची चरबी चोळायची आणि हलक्या आवाजात त्याचं नाव घेत राहायची, राहू दे, राहू दे. ते आठवलं खरं, पण दुसऱ्या कुणाची हकिकत ऐकावी तसं. आणि पाय कुणाचे होते, हे नीटसं डोळ्यांपुढे येईना.

"झालं का रे?" दारातून बाइकेंनी विचारलं.

"झालं."

त्याने पेनड्राइव्ह उचलून एजेच्या खणात ठेवला आणि प्रोग्रॅम बंद करायला घेतला. पडद्यावर तो नेहमीचा प्रश्न आला.

"आज तरी हो म्हण," बाइके म्हणाले. "फार टाकून देणं बरं नव्हे."

"नान टाकतात का, बाइके," तो म्हणाला, आणि त्याने हो म्हटलं.

शुक्रवारी फाइल गेली, आणि शनिवारी सकाळी तो कारा-बुलुनच्या गाडीत बसला. उन्हं छान पडली होती. विजार घोट्याच्या वर चढली होती म्हणून गाडीतल्या एका बाईने त्याची चेष्टा केली, आणि तोही तिच्याबरोबर हसला. वाटेत कुणाचाच राग आला नाही. गावात शिरल्यावर पाय आपोआप वळले ते आपाच्या घराच्या दोन गल्ल्या आधीच.

"आइदार, बूट," आतून आवाज आला.

त्याने बूट काढले. आई चहाच्या भांड्यापाशी बसली होती, धाकट्या बहिणीने त्याच्याकडे न बघताच पायाने गादी सरकवून दिली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, गुडघ्याच्या वरपासून एकेक करत चढत गेलेल्या, आणि सगळ्यात वरची रेघ तो टेकून उभा राहिला तेव्हा बरोबर त्याच्या डोक्याला लागली. आईने पियाला पुढे केला. अर्धा. त्याने तो संपवला, पुन्हा पुढे केला, पुन्हा अर्धा मिळाला. आणि असं किती वेळा झालं, कुणी मोजलं नाही.

मग दारात एक म्हातारी आली. चाळण मागायला आली होती. डोक्याला पांढरा रुमाल, पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे. सासूबाई आल्या म्हणून आई लगबगीने चाळण शोधायला आत गेली, आणि म्हातारी उंबऱ्यावरच उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली, रस्त्यात काही पडलेलं दिसावं आणि ते आपलं आहे का हे आठवू नये तशी.

"थोरला ना तू?" ती म्हणाली. "केवढा झालास. तुझा आजोबा म्हणायचा, मागून घेऊ या ह्याला. माझ्याच जिभेला धीर झाला नाही." तिने रुमालाचं टोक चाचपलं. "घर फार मोठं वाटतं रे एकटीला. जेवलास का?"

"जेवलो, आजी. बसा ना," तो अगदी मनापासून म्हणाला, आणि सरकून त्याने तिला आपल्या शेजारी जागा करून दिली. ती बसली. चांगली ऐसपैस बसली, हात शेगडीकडे करून, बराच वेळ थांबायला आलेल्या माणसासारखी. आई अजून आतच होती. म्हणून चहाचं भांडं त्यानेच उचललं, म्हातारीसमोर पियाला ठेवला, आणि एक थेंबही न सांडता, काठोकाठ भरला.